हळदीची वहिवाट

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले म्हणजे शहराची वस्ती विरळ होता होता बाळे हे गाव लागते. मार्गशीर्षात त्या गावी खंडोबाच्या यात्रेला ज्याने एकदा तरी हजेरी लावली असेल, त्याला हे सांगावयास नको की, त्या दिवसांत तेथील पायऱ्या, उंबरे, नारळाच्या करवंट्या आणि माणसांची कपाळे ही सारी एकाच पिवळ्या रंगाची झालेली असतात. अशाच एका यात्रेत गर्दीच्या रेट्याने पडून गुडघा फुटलेल्या एका पोराच्या जखमेवर त्याच्या आजीने कपाळाला लावावयाच्या भंडाऱ्यातलीच चिमूट दाबून धरलेली मी पाहिली आहे. हळदीने जखम चिघळत नाही हे ज्ञान त्या म्हातारीला तिच्या आईकडून, आईला तिच्या आईकडून, असे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने आलेले होते. आणि वाटेवरच्या वडाची सावली कोणाच्या मालकीची असे जसे कोणी विचारीत नाही, तसेच या ज्ञानाचा धनी कोण असेही आजवर कोणी विचारलेले नव्हते.

तो प्रश्न विचारला जाण्याची पाळी २८ मार्च १९९५ रोजी आली. त्या दिवशी अमेरिकेच्या पेटंट कचेरीने ५,४०१,५०४ या क्रमांकाचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मंजूर केले, आणि त्यातील दावा असा होता की, रुग्णाची जखम भरून येण्यासाठी हळदीचे चूर्ण परिणामकारक मात्रेत वापरण्याची पद्धत हा नवा शोध आहे. अर्जदार संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते. त्यांनी रुग्णांच्या जखमांवर हळद वापरून पाहिली होती, निरीक्षणे नोंदविली होती, आणि ज्या देशात अर्ज केला त्या देशाच्या कायद्याप्रमाणे रीतसर मसुदा दाखल केला होता. तेव्हा या घटनेला नुसती चोरी म्हणून मोकळे होणे मला उचित वाटत नाही. अन्याय झाला खरा, परंतु तो कोणत्या फटीतून झाला हे पाहिल्याशिवाय त्याचे निवारण करणाऱ्यांच्या कर्तृत्वाचे मोल कळावयाचे नाही.

ती फट अशी होती. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात एखादी गोष्ट आधीपासून ठाऊक आहे किंवा वापरात आहे असा आक्षेप घ्यावयाचा, तर ते ज्ञान अथवा तो वापर अमेरिकेच्या भूमीवरचाच असावा लागे. परदेशातील पुरावा विचारात घेतला जाई तो केवळ छापलेल्या मजकुराचा किंवा परदेशी पेटंटाचा. म्हणजे बाळ्याच्या यात्रेतल्या म्हातारीचा हात, कोट्यवधी घरांतल्या फोडणीच्या डब्यातली हळद, तान्ह्या पोरांच्या अंगाला लावलेला लेप, या सर्वांची त्या कचेरीच्या लेखी किंमत शून्य होती. आणि एखाद्या नियतकालिकातल्या एका छापील परिच्छेदाची किंमत मात्र संपूर्ण पेटंट रद्द करण्याइतकी होती. आपल्याकडे शेताच्या वाटेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याखाली मामलेदार साहेब जागेवर येतात, बांधावर उभे राहून पाचपन्नास वर्षांच्या वहिवाटीची जबानी घेतात, आणि वाट खुली करण्याचा हुकूम देतात. हळदीच्या बांधावर मात्र अमेरिकेचा मामलेदार येणार नव्हता. बांध कागदावर आखून त्याच्या मेजावर नेऊन ठेवावयाचा होता.

हे काम वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने अंगावर घेतले. परिषदेचे महासंचालकपद त्याच १९९५ सालच्या जुलैत रघुनाथ माशेलकर यांच्याकडे आले होते. गोव्यातील माशेल हे त्यांचे जन्मगाव. मुंबईत अत्यंत हलाखीत शिक्षण. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद. ते स्वतः रसायन अभियंते, वैद्यकाचे अभ्यासक नव्हेत. परंतु प्रयोगशाळेतल्या शोधाचे कायदेशीर रूप काय होते या गोष्टीची जाण त्या पिढीतल्या ज्या थोड्या शास्त्रज्ञांना होती, त्यांत त्यांची गणना प्रथम करावी लागेल. २८ ऑक्टोबर १९९६ रोजी परिषदेने फेरतपासणीचा अर्ज गुदरला, आणि त्यासोबत हळदीच्या गुणांविषयीचे बत्तीस लेखी आधार जोडले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथांतील उतारे होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली प्रसिद्ध झालेला निबंधही होता. वैद्यकाच्या एखाद्या विद्यार्थ्याने १९५३ साली तो निबंध वाचून बाजूला ठेवला असेल. त्रेचाळीस वर्षांनी तो एका खंडप्राय राष्ट्राच्या वतीने साक्षीदार म्हणून उभा राहिला.

या फेरतपासणीत जो युक्तिवाद झाला तो मराठी वाचकांनी जरूर लक्षात ठेवण्यासारखा आहे. संशोधकांच्या बाजूने असे म्हणणे मांडण्यात आले की, जुन्या आधारांत हळदीचा लेप सांगितला आहे, आमचा दावा चूर्णाचा आहे. लेप आणि चूर्ण यांचे भौतिक गुणधर्म भिन्न, शरीरात शोषले जाण्याची रीत भिन्न, सबब लेपाने जे साधते ते चूर्णानेही साधेल अशी अपेक्षा या विषयातल्या सामान्य जाणकाराला करता येणार नाही. शिवाय पोटात घेण्याची हळद जुन्या आधारांत मधाबरोबर सांगितली आहे, आणि मध तर स्वतःच जखम भरणारा आहे. हा युक्तिवाद वरकरणी आपल्या घरच्या माणसांना चमत्कारिक वाटेल. कारण हळकुंड कुटून चूर्ण होते आणि चूर्ण पाण्यात कालवून लेप होतो हे आपल्या पोरांनाही ठाऊक. परंतु त्याला उत्तर देणाराला ‘हे सर्वांना ठाऊक आहे’ एवढे म्हणून भागत नाही. चूर्ण ओल्या जखमेवर पडले की तेथील स्रावात भिजून त्याचे काय होते, हळदीतला कार्यकारी अंश कोणता, तो पाण्यात किती विरघळतो, आणि लेपाविषयीची जुनी निरीक्षणे चूर्णाला लागू करावयास शास्त्रीय आधार कोणता, ही सर्व मांडणी ज्याने जीवशास्त्राची प्रयोगशाळा पाहिली आहे त्यालाच करता येते. परीक्षकाने तो भेद मान्य केला नाही. १९९७ च्या ऑगस्टमध्ये सर्व दावे फेटाळले गेले, आणि २१ एप्रिल १९९८ रोजी ते रद्द झाल्याचा दाखला निघाला. भारताच्या पारंपरिक ज्ञानावरचे पेटंट अमेरिकेत अशा रीतीने उलथून पडण्याचा तो पहिला मोठा प्रसंग होय.

कडुनिंबाच्या प्रकरणाची तऱ्हा याच्या उलट, आणि ते तर आपल्या शिवारापर्यंत येऊन भिडलेले. कडुनिंबाच्या तेलाने बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीवर एका अमेरिकन कंपनीने आणि अमेरिकेच्या कृषी खात्याने युरोपात पेटंट मिळविले होते. युरोपचा कायदा मात्र असा की, जगाच्या पाठीवर कोठेही, कोणत्याही प्रकारे जी गोष्ट लोकांसमोर आलेली आहे ती नवी धरता येत नाही. मग ती छापील असो, बोललेली असो, की शेतात प्रत्यक्ष केलेली असो. म्हणून त्या खटल्यात म्युनिकच्या कचेरीपुढे पुण्याच्या एका कृषी-जैव उद्योगातले अभय फडके यांची साक्ष आली, आणि ती साक्ष होती १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यांत पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर कडुनिंबाच्या अर्काच्या घेतलेल्या चाचण्यांविषयी. सन २००० मध्ये ते पेटंट रद्द झाले त्यात या साक्षीचा वाटा मोठा होता. कंपनीचे अपील २००५ च्या मार्चमध्ये फेटाळले गेले. त्या काळी एका समुद्रापलीकडे छापील कागदाशिवाय आपले कोणी ऐकून घेत नसे, आणि दुसऱ्या समुद्रापलीकडे सांगली जिल्ह्यातल्या शेताच्या बांधावरची जबानी ग्राह्य धरली जाई, हा भेद ज्याला ठाऊक आहे, आणि कोणत्या ठिकाणी कोणता पुरावा न्यावयाचा हे ज्याला उमगते, अशा माणसाच्या व्यवसायाविषयी मला या लेखात सांगावयाचे आहे. तो माणूस बहुधा वकिलीच्या काळ्या कोटातून नव्हे, तर प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटातून या कामाकडे आलेला असतो.

पेटंट या शब्दाला राजभाषेत ‘एकस्व’ असा प्रतिशब्द आहे, परंतु व्यवहारात पेटंट हाच शब्द रूढ आहे आणि मी तोच वापरीन. जुन्या काळी सरकार सनद देई, तसाच हा प्रकार आहे असे पुष्कळांना वाटते. तसा तो नाही. सनदेच्या बदल्यात सरकार चाकरी मागत असे. पेटंटाच्या बदल्यात ते उघडेपणा मागते. शोध करणाराने आपली युक्ती इतक्या निःसंकोचपणे लिहून द्यावयाची की, त्या विषयातल्या दुसऱ्या जाणकाराला ती वाचून तसेच करता यावे. आणि मोबदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे दुसऱ्या कोणी त्याच्या संमतीवाचून तसे करू नये. मुदत संपली की ते ज्ञान सर्वांचे. हिंदुस्थानात या व्यवस्थेचा पहिला कायदा १८५६ चा, आणि त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या डीपेनिंग नावाच्या स्थापत्य अभियंत्याने पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी केलेला होता. यंत्राच्या बाबतीत ही व्यवस्था सरळ चालते: चाक दिसते, दांडा दिसतो, दोहोंचा सांधा रेखाटता येतो. जिवंत वस्तूच्या बाबतीत ती अडखळते, कारण जीव कोणी जोडून तयार केलेला नसतो आणि तो आपोआप वाढत राहतो.

लुई पाश्चर यांना अमेरिकेत १८७३ साली रोगजंतूंपासून मुक्त असलेल्या यीस्टवर पेटंट मिळाले होते, तरीही पुढील शंभर वर्षे हा प्रश्न अधांतरीच होता. त्याचा निकाल लागला तो बीरभूम जिल्ह्यातून अमेरिकेत गेलेल्या आनंदमोहन चक्रवर्ती यांच्या खटल्यात. खनिज तेलाचे घटक पचविणारा जीवाणू त्यांनी सिद्ध केला होता. तो बनविण्याच्या पद्धतीवर आणि तो तेलावर पसरण्याच्या साहित्यावर पेटंट द्यावयास कचेरीची हरकत नव्हती, हरकत होती ती खुद्द जीवाणूवर हक्क देण्याला. १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने सांगितले की, माणसाच्या करणीने झालेला जीव केवळ जिवंत आहे म्हणून पेटंटबाह्य ठरत नाही. चक्रवर्तींचे पुढील आयुष्य माझ्या दृष्टीने या व्यवसायाचे उत्तम उदाहरण होय. शिकागोत वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राचे अध्यापन आणि जीवाणूंतील प्रथिनांचा कर्करोगावर उपयोग होईल काय याचे संशोधन करीत असतानाच त्यांनी न्यायाधीशांना जनुकविज्ञान समजावून देण्याच्या कार्यातही भाग घेतला. आपल्याकडे अशीच पायरी २००२ च्या जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयाने ओलांडली. कोंबड्यांच्या एका संसर्गजन्य रोगावरील जिवंत लस तयार करण्याची पद्धत, तयार होणारी वस्तू सजीव आहे एवढ्याच कारणाने नियंत्रकांनी नाकारली होती; ते कारण कायद्यात बसत नाही असा निर्णय डिमिनाको कंपनीच्या त्या प्रकरणात झाला.

आता हे सर्व सोलापुरात आणून पाहू. शहराजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून उभे आहे, आणि डाळिंबावरच्या तेल्या रोगाने हवालदिल झालेला बागायतदार या जिल्ह्यात शोधावयास दूर जावे लागत नाही. समजा, येथील एखाद्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला तेल्याने उजाड झालेल्या बागेत एक झाड तेवढे निरोगी उभे दिसले, त्याच्या मुळाशी असलेल्या मातीतून तिने एक जीवाणू वेगळा केला, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत तो तेल्याच्या जंतूची वाढ रोखतो असे तिच्या ध्यानात आले. तिच्या मनात येणारा पहिला विचार निबंध प्रसिद्ध करण्याचा असेल, दुसरा पेटंटाचा. आणि बहुधा ती निबंध आधी पाठवील. पेटंट-सल्लागाराचे पहिले काम तिचा हात त्या टपालपेटीवरून बाजूला घेण्याचे आहे. कारण एकदा प्रसिद्ध झालेली गोष्ट तिची स्वतःची असली तरी नवी राहत नाही. आपल्या कायद्यात विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला बारा महिन्यांची सवलत आहे, परंतु ती चिंचोळी आहे, आणि तिच्या भरवशावर राहून परदेशातले हक्क गमावलेल्यांच्या कहाण्या या व्यवसायात सर्वांना ठाऊक असतात. एका अमेरिकन प्रकरणात तर जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात असलेल्या एकाच प्रबंधाने पेटंटाचा मार्ग अडविला. न्यायालयाने १९८६ साली ठरविले की, तो प्रबंध ग्रंथालयाच्या सूचीत नोंदलेला होता आणि मागणाराला मिळू शकत होता, एवढे पुरे.

दुसरे काम अधिक अप्रिय. त्या मुलीला सांगावे लागते की, बाई, तुला जीवाणू सापडला हे खरे, परंतु सापडणे वेगळे आणि शोध लावणे वेगळे. निसर्गात आढळणारी सजीव वस्तू शोधून काढणे हा आपल्या कायद्याच्या कलम ३(सी) प्रमाणे शोध ठरत नाही. बागेत तो जीवाणू कोणत्या महिन्यात, किती वेळा सोडावा याचे वेळापत्रक ही बागायतीची पद्धत झाली. तिलाही कलम ३(एच) आड येते. चार पदार्थ नुसते एकत्र मिसळले तर कलम ३(ई) उभे आहेच, मिश्रणातून घटकांच्या बेरजेहून अधिक परिणाम दिसला तरच वाट मिळते. आणि खुद्द डाळिंबाचे नवे वाण निपजविले असते तर कलम ३(जे) ने झाडे व बियाणी पेटंटाबाहेरच ठेवली आहेत. त्यांच्यासाठी वाणसंरक्षणाचा २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. केगावच्या केंद्राने लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक असलेला ‘सोलापूर लाल’ हा वाण दिला, त्याचा विचार त्या कायद्याच्या चौकटीत करावयाचा. ‘सोलापूर डाळिंब’ किंवा सोलापुरी चादर यांचे भौगोलिक मानांकन हे तिसरेच प्रकरण, ते एका माणसाचे नसून त्या मुलखातल्या सर्व उत्पादकांचे असते. या तिन्हींची गल्लत सुशिक्षितांकडूनही होते, आणि ती निस्तरण्यात सल्लागाराची निम्मी सकाळ जाते.

मग उरले काय? उरते ते नेमके शास्त्राचे काम. तो जीवाणू भुकटीच्या स्वरूपात सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात कोठारात सहा महिने जिवंत राहावा अशी काही युक्ती तिने काढली आहे काय? एखाद्या विशिष्ट वाहक द्रव्याबरोबर त्याचा प्रभाव अपेक्षेबाहेर वाढतो काय? आणि वाढतो, तर किती झाडांवर, किती हंगाम, आणि ज्या झाडांना काहीच दिले नाही त्यांच्याशी ताडून पाहिले काय? हे प्रश्न केवळ कायदा शिकलेल्या माणसाला सुचत नाहीत असे नाही. परंतु उत्तर ऐकताना, आकड्यात कोठे पाणी मुरते आहे हे ज्याने स्वतः रात्र रात्र जागून जंतूंच्या वसाहती मोजल्या आहेत त्यालाच कळते. तोच त्या मुलीला परत प्रयोगशाळेत धाडू शकतो आणि सांगू शकतो की, आणखी एक हंगाम थांब, हा दावा एवढ्या पुराव्यावर टिकणार नाही. खरे सांगावयाचे तर या व्यवसायात ‘आहे’ म्हणण्यापेक्षा ‘नाही’ म्हणण्यानेच अधिक लोकांचे हित होते, आणि ज्याला नकार देता येत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

काम पुढे सरकले, तर जीवाणूचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहाकडे अनामत ठेवावा लागतो; कारण जिवंत वस्तूचे वर्णन शब्दांनी कितीही केले तरी दुसऱ्याला ती त्यावरून तयार करता येत नाही. यासाठी बुडापेस्ट येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार आहे, भारत त्यात २००१ च्या डिसेंबरात सामील झाला, आणि चंडीगडच्या संग्रहानंतर पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समधील सूक्ष्मजीव संग्रहाला २०११ साली त्या कराराखालचा दर्जा मिळाला. म्हणजे केगावच्या मातीतला जीव बंद नळीतून पुण्यास जाईल, आणि हे अर्ज दाखल होण्याच्या तारखेपूर्वी, निदान त्या तारखेपर्यंत व्हावयास हवे. तो जीव कोठे सापडला त्या जागेचा निर्देशही अर्जाच्या लेखी वर्णनात करावा लागतो, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडेही जावे लागते, कारण २००२ च्या कायद्याने त्या मातीवर आणि तिच्यातल्या जीवावर तेथील लोकांचाही काही अधिकार मानला आहे. ज्या बागायतदाराच्या बांधावर ते निरोगी झाड उभे होते त्याचे नाव कोणत्याही दाव्यात येणार नाही. परंतु ‘हे झाड एकदा येऊन बघा’ असे जर तोच म्हणाला असेल, तर सल्लागाराने ती गोष्ट विचारून घेऊन कागदावर आणावी असे माझे स्पष्ट मत आहे.

वैद्यकाच्या क्षेत्रात या कामाला आणखी एक बाजू येते, ती हरकतीची. रोग्यावर शस्त्रक्रिया करण्याची, उपचाराची अथवा निदानाची पद्धत आपल्या कायद्याने कलम ३(आय) खाली पेटंटाबाहेर ठेवली आहे, त्यामुळे शल्यचिकित्सकाला सुरी हातात घेताना कोणाचा परवाना आठवावा लागत नाही. औषधांवर मात्र २००५ पासून उत्पादन-पेटंट मिळते. १९७० च्या कायद्याने, न्यायमूर्ती अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालास अनुसरून, ते दिलेले नव्हते. ते देताना संसदेने कलम ३(डी) अधिक कडक केले: ज्ञात द्रव्याचे नुसते नवे रूप, त्याचा गुण लक्षणीय वाढल्याचे दाखविल्यावाचून, नवा शोध नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कर्करोगावरील ग्लिव्हेकच्या निकालात सांगितले की, औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण; आणि रोग बरा करण्याचा गुण वाढला की केवळ विद्राव्यता वाढली, हे ठरविण्यास पुनश्च औषधशास्त्र जाणणाराच लागतो.

मंजुरीपूर्व हरकत आपल्याकडे कोणालाही घेता येते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिन या औषधाच्या क्षाररूपावरील अर्जाला हरकत घेणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन होत्या. क्षयाच्या उपचारांतच त्यांची श्रवणशक्ती गेलेली होती. त्यांच्या जोडीला तशीच श्रवणशक्ती गमावलेली दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले होती. मुंबईच्या पेटंट कचेरीने मार्च २०२३ मध्ये तो अर्ज नामंजूर केला, आणि मूळ औषधाच्या पेटंटाची मुदत त्याच वर्षीच्या जुलैत संपल्यावर इतर उत्पादकांचा मार्ग मोकळा झाला. ज्यांची श्रवणशक्ती गेलेली होती अशा दोन स्त्रियांचे म्हणणे त्या कचेरीत ऐकले गेले. परंतु ते म्हणणे क्षार, मूळ द्रव्य, पूर्वज्ञान आणि कलमे यांच्या परिभाषेत लिहून देणारी शास्त्रज्ञ मंडळी त्यांच्या मागे उभी होती, हेही विसरू नये. त्यांची नावे छापून येत नाहीत.

या मार्गातले धोके लपविणे योग्य होणार नाही. पेटंट कायद्यातील प्रश्नांवर, विशेषतः सूक्ष्मजीवांना पेटंटाबाहेर ठेवणे आंतरराष्ट्रीय कराराशी सुसंगत होईल काय यावर, सरकारने २००५ साली माशेलकरांच्याच अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली होती. डिसेंबर २००६ मधील तिच्या अहवालातला काही मजकूर दुसऱ्या एका अभ्यासातून श्रेयनिर्देशाविना आल्याचे निदर्शनास आले, तेव्हा समितीने अहवाल मागे घेतला आणि सुधारलेला अहवाल २००९ साली दिला. सूक्ष्मजीवांना सरसकट वगळता येणार नाही हे समितीचे मत कायम राहिले. हळदीची लढाई जिंकणाऱ्या माणसाच्या वाट्याला हा प्रसंग यावा याचे मला दुःख वाटते. कोणते वाक्य कोठून आले याची रुजुवात हाच ज्या व्यवसायाचा पाया, तेथे मसुद्यातले एकही पान दुसऱ्यावर विसंबून पुढे सरकवता येत नाही, इतके ते काम निष्ठुर आहे.

या व्यवसायाचा दरवाजा मात्र सोलापूरच्या विद्यार्थ्याला अगम्य नाही. पेटंट एजंट होण्यास भारताचे नागरिकत्व, एकवीस वर्षे पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी अथवा तंत्रज्ञानाची पदवी, आणि सरकारी परीक्षेत यश एवढे लागते. परीक्षेला दोन लेखी पत्रिका आणि तोंडी परीक्षा असते. त्यातील दुसऱ्या पत्रिकेत दाव्यांचा मसुदा करावयास येतो, आणि खरी कसोटी तीच. एक विशेषण अधिक घातले तर हक्क आक्रसतो, एक कमी घातले तर पूर्वज्ञानात बुडतो. बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आपल्याच राज्यात नागपुरात आहे. ज्यांनी पाचसहा वर्षे संशोधनात घालविली आणि प्रयोगशाळेत कायमची जागा मिळाली नाही, अशी मुले आपण अपयशी ठरलो असे समजून माझ्याकडे येतात. ती वर्षे वाया गेलेली नाहीत, हे मी त्यांना सांगतो, कारण तसे मला मनापासून वाटते.

गेल्या खेपेस अशीच एक विद्यार्थिनी आली ती हातात एक बाड घेऊन. जुन्या सोलापुरात तिच्या नात्यातले एक घर आहे, तेथे चार पिढ्यांपूर्वी वैद्यकी चाले. बाड त्या वैद्यांचे, मोडी लिपीतले, घोटीव अक्षरातले. पारंपरिक ज्ञानाचा जो अंकीय संग्रह परिषदेने हळदीच्या प्रकरणानंतर, २००१ पासून उभा केला, तो प्रामुख्याने संस्कृत, अरबी, फारसी, उर्दू आणि तमिळ ग्रंथांवर आधारलेला आहे, आणि तो करारान्वये परदेशी पेटंट परीक्षकांना तपासता येतो. परंतु महाराष्ट्रातल्या घराघरांत माळ्यावर पडलेल्या मोडी बाडांपर्यंत तो हात अद्याप पोहोचावयाचा आहे. आणि माळ्यावरचे बाड, फ्रायबुर्गचा न्याय लावला तर, पुरावाच नव्हे: सूचीत नाही, मागणाराला मिळत नाही. आम्ही दोघांनी एक दुपार बसून सुटलेली पाने क्रमाने लावली. सत्ताविसाव्या पानावर गळवावर हळद, चुना आणि एरंडेल यांचा लेप होता, आणि त्याच पानाच्या समासात दुसऱ्या हाताने, बहुधा मुलाने, लिहिले होते की लेप न जमल्यास कोरडी पूड दाबावी. घरच्या वडीलधाऱ्यांनी लेखी संमती दिली, आम्ही मोडीचे देवनागरी लिप्यंतर जोडले, आणि पुढल्या सोमवारी ते सर्व एका ग्रंथालयात नेले. ग्रंथपालांनी नोंदवही काढली, दाखल क्रमांक घातला, तारीख घातली. आणि ती मुलगी खिशातून स्वतःची टिपणवही काढून क्रमांक आणि तारीख उतरून घेईपर्यंत त्यांनी वही मिटली नाही.